मूळ पत्रा, प्रक्षिप्त पत्रा

गंज हा मराठीतला मोठा चमत्कारिक शब्द आहे. विदर्भात तो स्वयंपाकघरातले पातेले असतो. त्याची गंजी झाली की ती कडब्याची रास होते. आणि कोकणात, जिथे माझे बहुतेक आयुष्य गेले, तो निव्वळ हवामानाचा एक भाग असतो. पिकावर आला तर त्याला आपण तांबेरा म्हणतो, बुद्धीवर चढला तर पुन्हा गंजच. साहित्याच्या वर्गात हा शब्द रूपक म्हणून सतत वापरला जातो. भाषेला चढलेला गंज, समीक्षेच्या परिभाषेला चढलेला गंज, वगैरे. विद्यार्थी तो इमानाने वहीत उतरवून घेतात. या रूपकामागे एक गृहीत दडलेले असते: गंज वरून चढतो, आणि तो घासून काढला की खालून मूळ वस्तू चकचकीत होऊन बाहेर येते. अर्धशतक उलटलेल्या मोटारीच्या पोटाखाली उताणे पडून कुणी हातात तारेचा ब्रश धरला, तर पहिल्या तासातच या गृहीताचा निकाल लागतो. गंज हा त्या लोखंडाचाच झालेला असतो. जेवढा गंज, तेवढे लोखंड गेलेले. घासल्यावर खालून जे निघते ते बहुधा भोक असते.

मोटार म्हणजे फियाट ११०० डिलाइट, नोंदणी १९७१ ची. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून निघू लागली. पुढे फियाटचे नाव गेले, तेव्हा तीच गाडी काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' झाली. कंपनीने चितोडच्या राणीचे नाव दिले तरी लोक शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. नामकरणाच्या बाबतीत लोकांचे कारखान्यापुढे चालते. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, पुढे स्प्रिंगा, मागे बैलगाडीची आठवण करून देणारे पाटे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि ती रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख म्हणता येतील असे लेख छापले होते.

या गाडीच्या रचनेतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. ट्रकला किंवा जुन्या जीपला खाली एक स्वतंत्र सांगाडा असतो; वरचा डबा कुजला तरी सांगाडा भार वाहत राहतो. फियाटला असा सांगाडा नाही. तिचा तळ, बाजूचे पत्रे, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. दोन्ही बाजूंना दरवाज्यांखालून एकेक पोकळ पत्र्याची पेटी लांबीने धावते. गॅरेजमध्ये तिला सिल म्हणतात, मी उंबरा म्हणते. हा उंबरा गेला तर गाडी मधोमध वाकते. म्हणजे इथे पत्रा हा वेश नाही, देह आहे. बाहेरून रंग मारून भागत नाही, ते यामुळे.

वडिलांनी ती १९८३ मध्ये मुंबईहून जुनी विकत आणली. ते पशुवैद्य होते. चिपळूण आणि गुहागर तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर अडलेल्या म्हशी आणि विषबाधा झालेले बैल बघत त्यांनी ही गाडी सव्वीस वर्षे चालवली. २०१६ साली ते गेले. त्यानंतर गाडी घरामागच्या पडवीत उभी होती. महिन्यातून एकदा मी ती सुरू करी आणि परशुरामाच्या घाटापर्यंत नेऊन आणी.

मग जुलै २०२१ आला. त्या महिन्याच्या मध्यास केंद्र सरकारने जुन्या वाहनांविषयी एक नियम अधिसूचित केला. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली आणि सांगाड्यात, डब्यात किंवा इंजिनात मोठे फेरफार न झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' ठरणार होती. आमची गाडी त्याच वर्षी पन्नाशीची झाली होती. आणि २२ जुलैच्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. गाडी वारसा ठरायला पात्र झाली आणि डॅशबोर्डापर्यंत बुडाली, हे दोन्ही एकाच महिन्यात घडले. शहरातल्या जुन्या वाचनालयातली पुस्तकेही त्या पाण्यात गेली, जशी २००५ सालीही गेली होती. भिजलेल्या पुस्तकाचे काय करायचे हे निदान साऱ्यांना ठाऊक असते: पान पान सोडवायचे आणि वाऱ्यावर धरायचे. मोटारीचेही तसेच आहे. फक्त तिची पाने एकमेकांना वेल्ड केलेली असतात आणि मधला गाळ दिसत नाही.

दोन वर्षांनी गाडीच्या रंगावर फोड उठले. दादा पुण्याहून आला, त्याने एका फोडावर अंगठा दाबला, अंगठा आत गेला. 'भंगारात देऊन टाक,' तो म्हणाला. त्याचे म्हणणे अव्यवहारी नव्हते. गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी होणारे नूतनीकरण जवळ आले होते, आणि तळ गेलेल्या गाडीला योग्यतेचा दाखला मिळत नाही, मिळूही नये. आईने दोघांचे ऐकून घेतले आणि निकाल दिला: 'पासिंग झाली तर राहील. नाही झाली तर मी तिच्याकडे बघत बसणार नाही, घेऊन जा.' यात माझ्या बाजूने काही नव्हते, वेळ सोडून. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी काम सुरू केले.

एकटीने नव्हे. आमच्या आळीत एक चाचा आहेत. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी उभी हयात वेल्डिंग केले आणि निवृत्तीनंतर घरामागे सीओटू वेल्डिंगचे यंत्र मांडून ते लहानसहान कामे घेतात. गाडी पाहायला आले तेव्हा त्यांनी टॉर्च मागितला नाही, हातोडी मागितली. 'मॅडम, आधी ऐका. पत्रा बोलतो,' असे म्हणून हातोडीच्या लाकडी मुठीने ते गाडीभर ठोकत गेले. शाबूत पत्रा टणकन् वाजतो. कुजलेला पत्रा थप् असा आवाज करतो. आणि ज्यावर लांबी भरली आहे तो काहीच बोलत नाही. (लांबी म्हणजे पुट्टी. रंगाऱ्यांचा आणि सुतारांचा हा शब्द आहे. ज्यांना व्युत्पत्तीची हौस आहे त्यांनी त्याच्या मागे अवश्य लागावे.) मुके पत्रे सर्वांत धोक्याचे. तिथे कुणीतरी पूर्वी काहीतरी झाकलेले असते.

ऐकून झाल्यावर खडूने खुणा केल्या आणि मग बोथट पेचकसाने प्रत्येक खुणेवर दाबून पाहिले. गंजाची रीत अशी की तो आतून बाहेर येतो. लोखंड, पाणी आणि हवा ही तीन एकत्र आली की पुरे. खारी हवा असेल तर काम लवकर होते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा लागते, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात तो फुगतो आणि सांधा उकलतो. रंगावर फोड दिसतो तेव्हा आतले काम बरेच आधी उरकलेले असते. उंबऱ्याच्या तळाशी पाणी निचरून जावे म्हणून कारखान्यानेच भोके ठेवलेली होती. पण पावसाळ्यापूर्वी गाडीच्या पोटाला डांबर फासून घेण्याची आपल्याकडे चाल होती, आणि कुठल्याशा सर्व्हिस स्टेशनवर कुणा पोऱ्याने इतक्या निष्ठेने डांबर मारले होते की भोके कायमची मिटली. संरक्षणासाठी लावलेल्या लेपाने पाणी आत कोंडले. डावा उंबरा कापला तेव्हा त्यातून घमेलेभर गाळ निघाला. २०२१ चाच तो. वरची साय वाळून भेगाळली होती, खाली अजून ओल होती.

पत्र्याच्या वाचनात मला सर्वांत जास्त वेळ लागला तो डिक्कीत. रबराची चटई, तिच्याखालचे गोणपाट, त्याखालचे डांबर, एवढे काढल्यावर तळाला एक ठिगळ दिसले. दीड वीत लांब, वीतभर रुंद, कडेने चौदा रिव्हेटी. पत्रा घराच्या छपराचा, जस्ताचा मुलामा दिलेला, पन्हळी ठोकून सपाट केलेल्या. तिरपा उजेड पाडला की पन्हळींच्या लाटा अजून ओळखू येत होत्या. गाडीच्या कप्प्यात वडिलांची एक नोंदवही असे. ती पुरातून बाहेर आली तेव्हा तिच्यातला शाईचा मजकूर धुऊन गेला होता. पण वडील चालत्या कामात पेन्सिल वापरत, आणि पेन्सिलीला पाण्याचे काही वाटत नाही. त्या वहीत मे १९८७ खाली तीन ओळी होत्या: 'डिक्कीचा तळ गेला. गोठ्याचा पत्रा शिवला. टाके १४.'

ती नोंद त्यांच्या इतर नोंदींसारखीच होती. म्हशीचे फाटलेले आचळ शिवले की ते असेच लिहीत. मी त्या वेळी सात वर्षांची होते आणि मला यातले काहीही आठवत नाही. गोठ्याच्या छपराला एका पन्ह्याची जागा नवीन पत्र्याने चमकत असे, एवढेच आठवते.

चकित करणारी गोष्ट अशी की भोवतालचा कुर्ल्याचा अस्सल पत्रा बोटाने मोडत होता आणि गोठ्याचा पत्रा शाबूत होता. याचे कारण रसायनात आहे. जस्त आणि लोखंड एकमेकांना लागून ओले झाले की आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. ठिगळाने छत्तीस वर्षे स्वतःला जपले आणि आपल्या लगतची बोटभर कडही जपली. त्यापलीकडे त्याचे काही चालले नाही.

इथे माझ्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो आपल्या, म्हणजे मराठीच्या अध्यापकांच्या, परिचयाचा आहे. मूळ काय आणि प्रक्षिप्त काय? जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांत एक मोठा वर्ग असा आहे की ज्याच्या मते कारखान्यातून गाडी निघाली तो दिवस म्हणजे प्रमाण संहिता, आणि नंतरचे सर्व काही पाठभेद. भोक दिसले की कापा, ठिगळ दिसले की उखडा, कारखान्याच्या नकाशाबरहुकूम नवा पत्रा बसवा. ही भूमिका मी समजू शकते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती लेखकांच्या हातून पडलेले अपपाठ काढण्यासाठीच. आणि पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथांच्याही आधीची म्हणून एक प्रत छापली ती आणखी मागे, आणखी मुळाकडे जाण्याच्या ओढीने. मुळाची ही ओढ खोटी नाही. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती काढली, आणि जी १९६६ मध्ये पुरी झाली, तिच्यात मला मुळापेक्षा एका दुसऱ्याच गोष्टीचे अप्रूप वाटत आले आहे. संपादकांनी जे श्लोक संहितेतून बाहेर काढले ते टाकून दिले नाहीत. तळटिपांत आणि परिशिष्टांत ते सारे उभे आहेत. कोणत्या प्रतीत काय होते हे तिथे आजही वाचता येते. मुळाच्या शोधात निघालेल्या माणसांनी नंतरच्या हातांचीही अशी नोंद ठेवली.

एवढे खरे असले तरी ही तुलना फार ताणू नये. अपपाठ राहून गेला म्हणून वाचताना पोथी कोसळत नाही. गाडी कोसळते, आणि आत माणसे असतात.

माझी पाठचिकित्सेची सगळी परिभाषा चाचांनी एका प्रश्नाने निकालात काढली. ठिगळावर हात ठेवून त्यांनी विचारले, 'हा वजन घेतो का?' आणि स्वतःच उत्तर दिले, 'नाही घेत. सामान ठेवायची जागा आहे. मग राहू दे.' उंबरे वजन घेतात, पाट्यांचे टोक जिथे अडकते ती जागा वजन घेते, जॅक जिथे लागतो ती घेते. तिथे कुणाचेही ठिगळ चालणार नाही, मग ते कितीही मायेचे असो. जिथे पत्रा फक्त झाकतो तिथे ते राहू शकते. मूळ कोणते हा प्रश्न बाजूला ठेवून भार कोण वाहतो हे आधी विचारायचे, ही कसोटी मला कोणत्याही ग्रंथात सापडली नव्हती. दोन वर्षे आम्ही प्रत्येक चौरस फुटाला तीच लावली. डिक्कीत ठिगळाच्या भोवतालचा कुजका पत्रा कापून तिथे नवा घातला. चौदा टाके तसेच राहिले. त्यांच्या जवळ वेल्डिंगची ज्योत नेता आली नाही, कारण जस्त जळले की त्याचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप येतो. कारखान्यातले वेल्डर हा ताप चांगला ओळखतात. म्हणून नवा पत्राही तिथे रिव्हेटींनीच जोडला, मध्ये सांधा बुजवणारा लेप देऊन.

उंबऱ्यांचे काम मात्र पुरते नव्याने करायचे होते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मोटारींच्या भागांचा बाजार आहे. टॅक्सी भंगारात निघत होत्या त्या दिवसांत तिथे पद्मिनीचे बरेच काही मिळे. पद्मिनीचा डबा आणि डिलाइटचा डबा यांत उंबऱ्यापुरता फरक नाही. डाव्या बाजूचा उंबरा आम्हाला चांगल्या अवस्थेत मिळाला. त्यावर टॅक्सीचा काळा रंग होता. उजवा मिळाला नाही, तो चाचांनी वीस गेजच्या, म्हणजे मिलिमीटरहून जरा पातळ अशा पत्र्यातून लाकडी ठोकळ्यावर वाकवून केला.

उंबरा कापण्याआधी गाडी वाकणार नाही याची तजवीज करावी लागते. जॅकवर भरवसा ठेवून कुणीही गाडीखाली जाऊ नये. आम्ही चार बाजूंना लोखंडी घोडे लावले. पेट्रोलची टाकी उतरवून आवाराच्या दुसऱ्या टोकाला नेली, बॅटरी सोडली. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने चारही टोकांची पातळी जुळवली. मग दरवाज्याच्या चौकटीत आडवे लोखंडी पाइप वेल्ड करून ती चौकट जखडून टाकली, आणि एका वेळी एकच बाजू हाती घेतली. कारखान्यात पत्रे एकमेकांवर दाबून जोडतात तेव्हा दर बोटभर अंतरावर टिकलीएवढा सांधा पडतो. त्या प्रत्येक टिकलीला ड्रिलने भोक पाडायचे, तेही फक्त वरच्या पत्र्याला, खालच्याला नाही. डाव्या बाजूच्या टिकल्यांना माझ्या नाताळच्या सुट्टीचे चार दिवस लागले. ते काम मला विलक्षण आवडले. उत्तरपत्रिका तपासण्याइतकेच ते एकसुरी आहे, पण इथे शेवटी काहीतरी सुटे होते.

नवा उंबरा जोडताना सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पातळ पत्रा लाटांसारखा वाकतो. म्हणून चाचा एक टाका या टोकाला मारत, दुसरा त्या टोकाला, तिसरा मधोमध. मग हात टेकवून पाहात, सोसेल इतका निवला की पुढचा. मीटरभराच्या सांध्याला दोन दिवस. दर काही टाक्यांनंतर दरवाजा उघडून मिटायचा, कारण चौकट केसभर हलली तरी ती आधी दरवाज्याला कळते. शेवटचे आडवे पाइप कापले त्या संध्याकाळी आम्ही डावा दरवाजा लावला. खट्. चाचांनी पुन्हा उघडायला लावला, पुन्हा मिटायला लावला, आणि मग चहा मागितला.

पोटाखालचे काम सावकाश आणि घाणेरडे असते; त्याबद्दल कुणी सुंदर लिहिलेले नाही याचे नवल वाटू नये. जुने डांबर गरम करून खरवडायचे, खालचा सुटा गंज तारेच्या ब्रशाने काढायचा. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर चांगला मास्क, कारण जुन्या रंगात शिसे असू शकते. दिवसाला दोन चौरस फूट झाले तर उत्तम. मूठभर का होईना, गंज खाचांत उरतोच. त्यासाठी एक द्रावण लावतात आणि त्यात टॅनिक आम्ल असते. हे आम्ल गंजाशी संयोग पावून निळसर काळा, स्थिर असा थर तयार करते. सपाटून गंजलेल्या, पापुद्रे सुटणाऱ्या पत्र्यावर त्याचा काही उपयोग नाही. घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर मात्र ते फार चांगले काम देते.

तो रंग पाहिल्यावर मला काम थांबवून बसावेसे वाटले. टॅनिन म्हणजे आपल्या हिरड्यातला तुरट अंश. सह्याद्रीत हिरड्याची झाडे विपुल आहेत आणि कातडी कमावण्यासाठी त्याचा मोठा व्यापार चाले. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचे क्षार, एकत्र उकळले की शाई होते. आपल्या बहुतेक जुन्या पोथ्या काजळाच्या शाईने लिहिलेल्या असल्या तरी ही लोहशाईही आपल्याकडे केली जात असे, आणि युरोपात तर माजूफळाच्या लोहशाईने शतकानुशतके लेखनव्यवहार चालवला. लोखंड आणि तुरटपणा यांच्या संयोगातून येणारा तो निळा-काळा रंग आणि माझ्या डोक्यावर हातभर अंतरावर पसरत चाललेला रंग रसायनदृष्ट्या सख्खे होते. गंमत अशी की लोहशाई कालांतराने कागद खाते. जुन्या दस्तऐवजांत अक्षरांच्या जागी भोके पडलेली सापडतात. पत्र्याला जे वाचवते तेच कागदाला मारते. गाडीचे पोट दौतीत बुडवून काढल्यासारखे झाले होते. मी त्या रात्री तोंड धुऊन वर्गात शिकवायचा पाठ काढायला बसले तेव्हाही माझ्या नखांत तो रंग होता.

त्यावर अस्तर, मग सगळ्या सांध्यांना लेप, मग रबरमिश्रित डांबर. या वेळी निचऱ्याच्या प्रत्येक भोकात आगपेटीची काडी खोचून ठेवली आणि डांबर सुकल्यावर काढून घेतली. पोकळ पेट्यांच्या आत पातळ केलेले मेण फवारले. हे कोणालाही कधी दिसणार नाही.

बाहेरच्या अंगाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तिथे लोक आधीच खूप सांगतात. चाचांनी आतून ठोकळा धरून बाहेरून हलक्या हाताने पोचे काढले. लांबी नखाच्या जाडीपेक्षा जास्त भरू दिली नाही. लांबी स्पंजासारखे पाणी पिते, म्हणून ती उघडी राहता कामा नये. बॉनेटवरचा रंग घासताना एकाखाली एक थर उलगडत गेले: फिकट निळा, करडे अस्तर, हिरवट पांढरा, पुन्हा अस्तर, आणि तळाशी १९७१ चा मोतिया. अलीकडे जतन केलेल्या म्हणून ज्या गाड्या मिरवतात त्यांतल्या कित्येकींना कुर्ल्याच्या कारखान्याने आयुष्यात कधी दिली नव्हती एवढी चकाकी असते. मला ते जुन्या कादंबरीच्या गुळगुळीत नव्या आवृत्तीसारखे वाटते, जिच्यात लेखकाचे शुद्धलेखन कुणी न विचारता सुधारलेले असते. आम्ही फिकट निळा ठेवला. तो १९८३ नंतरचा, वडिलांच्या काळातला. म्हणजे मूळ नव्हे.

या एका निवडीने व्हिंटेजचा प्रश्नही सुटला. त्या नियमाखाली नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि इंधन व दुरुस्तीसाठीची ये-जा, एवढीच मुभा. 'मूळ रूप' या दोन शब्दांचा अर्थ लावणे हे परिवहन खात्याचे काम आहे, साहित्याच्या अध्यापिकेचे नाही. पण टॅक्सीचा उंबरा, घरी वाकवलेला उंबरा आणि गोठ्याचे छप्पर पोटात घेऊन ही गाडी मूळ रूपात आहे असे प्रतिज्ञेवर म्हणावे, असे मला वाटेना. शिवाय ज्या गाडीतून माणूस रात्री-बेरात्री म्हशी सोडवायला जात होता तिला दोरीच्या आत उभे करायचे कशाला? मी साधे नूतनीकरणच मागायचे ठरवले.

रंगाचे शेवटचे हात मृगाच्या आत उरकावेत असा बेत होता. कोकणातला माणूस सात जूनला मर्यादा मानून कामे आखतो. २०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. विसाव्या तारखेपासून कोसळू लागला आणि सव्वीसला तर मान्सून मुंबईत पोहोचलासुद्धा. गाडीचे पोट तयार होते, उजवी बाजू रंगून झाली होती, डाव्या दोन दरवाज्यांवर नुसते अस्तर होते आणि अस्तर पाणी अडवत नाही. आई, मी आणि चाचांचा नातू, तिघांनी मिळून पडवीला ताडपत्री बांधली. तरी दमटपणाला ताडपत्रीचे काय? चार महिने रोज सकाळी कॉलेजला जाण्याआधी मी त्या दोन दरवाज्यांवरून हात फिरवत असे. सप्टेंबरात त्यांचे अस्तर काढले, खाली तीन जागी तांबूस छटा आली होती, ती पुसली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पासिंगला पावसाळ्यानंतर गेलो. निरीक्षकांनी दिवे, ब्रेक, हॉर्न पाहिले, मग खड्ड्यात उतरून टॉर्च मारला. उंबऱ्यावर त्यांनी किल्लीने ठोकले; तो टणकन् वाजला. डिक्की उघडून ते ठिगळाकडे थोडा वेळ बघत राहिले. 'हे काय आहे?' त्यांनी विचारले. 'गोठ्याचा पत्रा,' मी म्हटले. त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले आणि डिक्की लावली. पर्यावरण कर भरला. पाच वर्षे मिळाली. दादाला फोन केला तेव्हा त्याने फक्त टायर बदललेस का, एवढेच विचारले.

डाव्या मागच्या दरवाज्याची फट अजून वरच्या बाजूला दोन मिलिमीटर जास्त आहे. बिजागरीखाली पातळ चकती घालून ती बसेल असे चाचा म्हणतात. छपराच्या पन्हाळीचा सांधा उघडायचा राहिला आहे, तिथे ठोकल्यावर आवाज येत नाही. कापून काढलेले सगळे तुकडे तारखा आणि जागा लिहून एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत, आणि ती पेटी जमिनीपासून चांगली उंच, पुराच्या रेषेच्या वर, माळ्यावर आहे.